पाखरांच्या निमित्ताने



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही पक्ष्यांविषयी बोलावे. आम्ही मोठ्या उत्साहाने होकार दिला आणि घरी गेल्यावर घाबरलो. पक्ष्यांविषयी अधिकाराने बोलतील अशी माणसे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पुष्कळ आहेत. त्यांतली दोनतीन याच मंडपात बसलेली आम्हांला दिसतात. आम्हांला खात्रीने ठाऊक आहे ते एवढेच, की रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून घराबाहेर पडणारी आणि उन्हे चढल्यावर कुठल्या तरी टपरीवर चहाभोवती जमणारी ही माणसे कशी असतात, काय बोलतात आणि त्यांच्या त्या बोलण्याचा काही उपयोग आहे की नाही. तेव्हा आज आम्ही पाखरांच्या निमित्ताने माणसांविषयी बोलणार आहोत.

या जमण्याला नाव नाही. वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष तर नाहीतच. शनिवारी रात्री निरोप फिरतो, की उद्या सहा वाजता उद्यानाच्या फाटकाशी. आणि ज्याला जमेल तो येतो. निवृत्त झालेले बँकेतले गृहस्थ असतात, रात्रपाळी करून परस्पर आलेली परिचारिका असते, गणिताचे मास्तर असतात, आणि आईने बळेच पाठविलेला एखादा मुलगा असतो, जो पहिला तासभर जांभया देतो आणि मग अचानक सगळ्यांच्या आधी त्यालाच हळद्या दिसतो. मुलुंड-घाटकोपरकडे निम्मी मंडळी गुजराती बोलणारी, दोनचार तमिळ; त्यामुळे एकाच पाखराला एका झाडाखाली चार नावे मिळतात. मराठीतही काही कमी गोंधळ नाही. कुणी दयाळ म्हणतो, कुणी त्यालाच डोमिंगा म्हणतो, आणि वाद पाच मिनिटे चालतो. तोवर पाखरू दोघांनाही न जुमानता उडून जाते. आमच्या कट्ट्यावर एका पाखराला फार मान आहे. त्याचे नाव गप्पीदास. सभासदत्वाची पद्धत असती तर पहिला क्रमांक त्यालाच द्यावा लागला असता. दुसरा सातभाईंना. हे पाखरू कधी एकटे फिरत नाही, सदैव पाचसात मिळून कलकलाट करीत पाचोळा उपसत असते. आपण त्यांना भाऊ म्हटले, इंग्रजांनी त्यांच्याच सात बहिणी केल्या. पाखरांनी दोन्ही नात्यांबद्दल काही हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

आता कुणी म्हणेल, ही सगळी रिकामटेकड्यांची करमणूक झाली. तिच्यावर व्याख्यान कशाला? म्हणून थोडे मागे जाऊ. ज्या कल्पनेतून आपली ही व्याख्यानमाला निघाली, ती वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली. त्यानंतर आठच वर्षांनी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसे जमली. दर महिन्याला एकत्र यावे, कुणी काय पाहिले ते एकमेकांस सांगावे, कुणाला काही मिळाले असेल ते दाखवावे, एवढाच त्यांचा बेत होता. त्यातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्मास आली. त्या आठांत सहा युरोपियन होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. उरलेले दोघे आपले होते, हे मात्र आपल्यालाच ठाऊक नसते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग. यांच्याच पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला, आणि मराठीला व्याकरण देणारे दादोबा पांडुरंग हे यांचे थोरले बंधू. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणकार, आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. एका भावाने शब्दांची जात, लिंग, वचन ठरवावे आणि दुसऱ्याने पाखरांची ठरविणाऱ्यांत बसावे, हा योगायोग आम्हांला फार आवडतो.

पुढल्याच वर्षी त्या मंडळींनी आपले बिऱ्हाड फोर्ब्स स्ट्रीटवर फिप्सन यांच्या पेढीत हलविले. हे फिप्सनसाहेब मद्याचे व्यापारी. तेथे पुढे एक मोठा धनेश पाळलेला होता, त्याचे नाव विल्यम; सोसायटीच्या बोधचिन्हावर आणि कचेरीच्या नावात तो अजून आहे. तात्पर्य, देशातली ही एवढी मोठी संस्था मुळात एक कट्टाच होती. फरक एवढाच, की त्यांचा कट्टा मद्याच्या पेढीत भरे आणि आमचा चहाच्या टपरीवर भरतो.

सालिम अली यांची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, ती कोणती हे विचारायला ते सोसायटीत गेले, आणि त्यातून पुढचे थोर पक्षितज्ज्ञ घडले. ही गोष्ट सांगताना आपण सालिम अलींच्या जिज्ञासेचे कौतुक करतो. ते योग्यच आहे. पण आम्हांला विचाराल तर या गोष्टीतला खरा थोर माणूस खुर्चीत बसलेला आहे. त्याचे नाव मिलार्ड, सोसायटीचे सचिव. एक भेदरलेले पोर कागदात मेलेली चिमणी गुंडाळून आत आले, तेव्हा ते हसले नाहीत, ‘उद्या ये’ म्हणाले नाहीत. त्यांनी कपाटाचे खण उघडून त्याला एकेक चिमणी दाखविली. त्या दिवशी ते कामात असते तर? कट्ट्यावर नवखा माणूस येतो आणि साध्या घारीला गरुड म्हणतो, त्या क्षणी प्रत्येक वेळी आमच्यापुढे हाच प्रश्न उभा असतो. खरे सांगायचे तर आम्ही पुष्कळदा नापास झालो आहोत. एक बाई दोनदा आल्या, दोनदा त्यांनी शिक्र्याला ससाणा म्हटले, दोनदा आमच्यातला एक विद्वान त्यांच्या अंगावर खेकसला. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत. त्यांची दृष्टी आमच्यापेक्षा चांगली होती, नावे तेवढी येत नव्हती. नावे आठवड्यात येतात.

आमच्या उपनगरांची एक गंमत मुंबईबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे यांच्या मधोमध पसरले आहे. तुळशी आणि विहार हे दोन्ही तलाव त्याच्या पोटात. त्यामुळे आमचे दोन पंथ झाले आहेत. पश्चिमेचे लोक जंगलवाले. बोरिवलीहून कान्हेरीच्या वाटेने जाणारे, आरे वसाहतीत हिंडणारे. राखी धनेश, स्वर्गीय नर्तक आणि पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग हे यांचे दैवत. पूर्वेचे लोक चिखलवाले. भांडुप-मुलुंडची मिठागरे, ठाण्याची खाडी. शेकाटे, तुतवार आणि रोहित यांत त्यांचा जीव. बोरिवलीहून मुलुंडला धनेश मनात आणील तर सकाळच्या फेरीत जाईल. आम्हांला दादरला गाडी बदलावी लागते. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी उद्यानाखालून जुळ्या बोगद्यांचे काम हाती घेतले आहे, म्हणजे यापुढे आम्ही पाखरांच्या खालून जाऊ. असो.

जंगलवाल्यांना घड्याळ पुरते. चिखलवाल्यांना पंचांग लागते. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा पाखरे लांबवर पसरून किडे टिपीत असतात आणि दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढी दिसतात. भरती येऊ लागली की चिखल बुडतो. मग हजारो पाखरांना पाय टेकायला उथळ पाण्याची जागा लागते, आणि ती जागा म्हणजे मिठागरे. तेथे ती भरती ओसरेपर्यंत एका पायावर उभी राहून वाट पाहतात. भरती केव्हा, याचा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नवाच्या सुमारास. छापील कोष्टकाशी काही मिनिटांचा फरक पडतो, पण चालते. आमच्यातल्या गणिताच्या मास्तरांना हा हिशेब एका कोळणीने बाजारात शिकविला. तिने त्यांना विचारले, ‘शाळेत काय शिकवता मग?’ हा प्रश्न ते अजून स्वतःला विचारतात.

येथे ईहा या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका माणसाची आठवण करतो. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, जन्म साताऱ्याचा, १८५१ चा. सोसायटीच्या त्या आठ संस्थापकांपैकी एक आणि तिचा पहिला सचिव. त्याने १९०० साली मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवर पुस्तक लिहिले, सामान्य म्हणजे कावळा, चिमणी, घार. नोकरीने तो जकात आणि मीठ खात्यातला. मिठागरे हा त्याच्या रोजच्या पोटापाण्याचा भाग होता. आज कोणत्याही सरकारी खात्यातल्या माणसाला कामावर असताना वर पाहायला फुरसत मिळते की नाही, आम्हांला शंका आहे.

मराठी माणसे जमली आणि मंडळ निघाले नाही, असे होत नाही. आमचेही निघाले होते. चारपाच वर्षे सुखाने चहा प्यायल्यावर कुणाच्या तरी मनात आले, की आपल्या कार्याला काही स्वरूप द्यावे. झाले. घटना लिहिली. तिच्यात उद्दिष्टे अकरा होती. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, कार्यवाह, सहकार्यवाह, खजिनदार. शिक्का करून घेतला, त्यावर तांबट पक्षी. तांबट डावीकडे पाहणारा असावा की उजवीकडे, यावर एक पूर्ण सभा झाली. पहिल्या वर्षी आम्ही नऊ सभा भरविल्या आणि तीन वेळा पाखरे पाहायला गेलो. दुसऱ्या वर्षी पावतीपुस्तक हरवले आणि दोन जिवलग मित्रांचे बोलणे बंद झाले. जी परिचारिका रात्रपाळीहून येत असे, तिला सभासदत्व संपल्याचे पत्र गेले. तिने ते वाचून दाखविले तेव्हा सगळे खाली पाहू लागले. त्याच चहाच्या टपरीवर, उभ्या उभ्या, आम्ही ते मंडळ विसर्जित केले. ठराव झाला नाही. खजिनदारांनी शिल्लक रकमेचे वडापाव मागविले. शिक्का अजून एकाच्या घरी आहे, त्याची नात त्याने कागदावर तांबट उमटवीत बसते.

पण येथे थांबलो तर आम्ही तुम्हांला अर्धेच सत्य सांगितले असे होईल. मंडळ गेले ते बरेच झाले. त्याबरोबर वहीही गेली, हे वाईट झाले. मंडळाच्या काळात एक कार्यवाह चिकाटीचे होते. ते प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, जागा, पाखरू आणि संख्या लिहीत. मंडळ मोडले, ते गृहस्थ मुलाकडे राहायला गेले, आणि आमच्याकडे उरल्या नुसत्या आठवणी. आठवण ही फार लबाड वस्तू आहे. ‘पूर्वी येथे किती भोरड्या यायच्या!’ असे आम्ही दर फेब्रुवारीत, काटेसावर फुलली की म्हणतो. किती? कोणत्या वर्षी? कोणत्या झाडावर? एकालाही सांगता येत नाही.

असंघटित राहावे आणि तरी नोंद टिकावी, हे कसे साधावे? याचे एक उत्तर साठपासष्ट वर्षांपूर्वी आमच्या याच अंधेरीत सापडले होते, आणि ते अंधेरीकरांनाच माहीत नाही. जफर फतेहअली अंधेरीला राहत. १९६० च्या सुमारास त्यांनी पक्षी पाहणाऱ्यांसाठी इंग्रजीत एक वार्तापत्र सुरू केले. आरंभी ते चक्रमुद्रित पानांचे होते, साधेसुधे. कुणी आसामच्या चहामळ्यातून लिहावे, कुणी गुजरातेतल्या तलावावरून. आज अमुक पाहिले, तमुक घरटे मोडले, याचे कारण कुणाला ठाऊक आहे काय? पुढच्या अंकात कुणीतरी उत्तर देई. लिहिणारे आणि वाचणारे बहुधा तेच. सालिम अलीही त्यात लिहीत आणि हौशी कारकूनही लिही, आणि पान दोघांना सारखेच. पुढे त्याचा मुक्काम बंगळूरला हलला, फतेहअली २०१३ मध्ये वारले. तो टपालातून भरणारा कट्टाच होता, आणि त्याला दफ्तर होते. देशात आज जे पक्षिनिरीक्षक म्हणून ओळखले जातात त्यांतल्या कित्येकांनी आपला पहिला परिच्छेद त्या पानांत छापलेला पाहिला.

मराठी प्रदेशातही जमण्याची परंपरा आहे. पक्षिमित्रांची संमेलने १९८१ पासून भरत आली आहेत. मुंबईत २००५ पासून पक्ष्यांची शर्यत होते, दिवसभर गट हिंडतात आणि रात्री एकत्र जेवताना याद्या पडताळतात. मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर हे दोन जन्मदिवस जोडून राज्य शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह ठरविला आहे. हे सर्व चांगले आहे. पण शर्यतीत आम्ही एकदाच गेलो. पाखरू दिसले की ते लिहून पुढे पळायचे, हे आमच्या वयाला झेपले नाही. आणि सप्ताह वर्षातून एकदा येतो, रविवार बावन्न वेळा.

आता वार्तापत्राची जागा फोनने घेतली आहे. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये सुरू केलेली ई-बर्ड ही जागतिक नोंदवही आज आमच्या परिचारिकेच्या हातात आहे. ती चहा थंड होईपर्यंत यादी भरून मोकळी होते. दुसरी एक युक्ती आवाज ऐकून पाखराचे नाव सांगते. मुले ती फार वापरतात. बँकेतले गृहस्थ तिच्यावर रागावून असतात. कोतवाल हा दुसऱ्या पाखरांच्या हुबेहूब नकला करणारा; एकदा त्याने शिक्र्याचा आवाज काढला, फोनने शिक्रा सांगितला, सगळे शिक्रा शोधू लागले, आणि कोतवाल समोर तारेवर बसून शेपूट हलवीत होता. आमच्या कट्ट्याचा एकच अलिखित नियम आहे, तो त्या दिवशी ठरला: जे पाहिले ते लिहावे, जे ऐकले ते ऐकले म्हणून लिहावे, आणि ओळखले नाही ते ओळखले नाही म्हणून लिहावे. तिसरे फार जड जाते.

अलिखित नियम आणखी एक आहे, तो मात्र भांडणातून आला. आरेच्या बाजूला पिंगळ्याची एक ढोली होती. आमच्यातल्या एकाने कौतुकाने तिची जागा दहा जणांना कळविली. पुढच्या रविवारी झाडाखाली पन्नास माणसे होती, कॅमेरे घेऊन. कुणी ध्वनिमुद्रित हाक वाजवीत होता, कुणी समोरची फांदी आड येते म्हणून मोडीत होता. जोडी ढोली सोडून गेली. ज्याने जागा सांगितली त्याने दोन महिने कट्ट्यावर तोंड दाखविले नाही. तेव्हापासून घरट्याची जागा चहावरसुद्धा बोलली जात नाही. पाखरांच्या गप्पा मारणाऱ्यांना गप्प बसणेही शिकावे लागते, हे आम्हांला उशिरा कळले.

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला, लक्ष्मीनगरच्या आसपास, रोहितांचा थवा उतरणाऱ्या विमानावर आदळला. विमान सुखरूप उतरले. ३९ पाखरे मेली. आमच्यातले दोघे त्याच भागात राहतात. रस्त्यावर, गच्च्यांवर गुलाबी पिसे पडलेली त्यांनी पाहिली. पुढच्या रविवारी कट्टा जमला तेव्हा बराच वेळ कुणी बोलले नाही. थवा त्या मार्गावर का आला याविषयी पुढे पुष्कळ तर्क झाले, वादही झाले. कुणी म्हणाले, खाडीपलीकडच्या पाणथळींवर त्यांना त्रास झाला म्हणून ती उठली. कुणी म्हणाले, नेहमीचीच वाट. आम्हांला त्या दिवशी लाज वाटली ती याची, की त्या मे महिन्यात रोज संध्याकाळी थवे कोणत्या बाजूने, किती वाजता जात होते हे आमच्या गच्च्यांवरून दिसत होते. आम्ही पाहत होतो, एकमेकांना सांगतही होतो. लिहिले मात्र कुणी नव्हते.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंड येथील २५५.९ एकर मिठागराची जमीन धारावी पुनर्विकासातील भाड्याच्या घरांसाठी घेण्याचा निर्णय केला. या प्रश्नावर आमच्या कट्ट्यात एकमत नाही, आणि ते असल्याचा आव आम्ही आणणार नाही. धारावीत दहा बाय दहाच्या खोलीत राहिलेला एक तरुण आमच्यात येतो. तो एकदा म्हणाला, ‘तुमच्या इमारती कशावर उभ्या आहेत ते आधी सांगा.’ सांगण्यासारखे उत्तर कुणाजवळ नव्हते. आमच्यातल्या कित्येकांची घरे भर घातलेल्या जमिनीवरच आहेत. पण दुसऱ्याच क्षणी तोच म्हणाला, की पाखरे भरतीच्या वेळी कुठे उभी राहतात हे कागदावर नसेल तर ती जागा रिकामी आहे असेच धरले जाईल. ठाण्याच्या खाडीचे रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत, रामसरच्या यादीत स्थान मिळाले. अभयारण्याला सीमा असते. भरतीला ती कुठे ठाऊक असणार? पाणी चढले की पाखरू सीमेच्या अलीकडे येऊन उभे राहते.

त्या दिवसापासून वही पुन्हा सुरू झाली. मंडळ नाही. वही टपरीवाल्याच्या गल्ल्याखाली असते, कारण आमच्या सगळ्यांत न चुकता रोज येणारा माणूस तो एकटाच आहे. तारीख, तिथी, भरतीची वेळ, जागा, पाखरे, मोजणाऱ्याचे नाव. मग परिचारिका ते फोनवर चढविते. मागच्या महिन्यात टपरीवाल्याने स्वतःच्या हाताने पहिली नोंद केली: ‘सकाळी पावणेसात, धोबी पक्षी दोन, नळाजवळ.’ तो म्हणाला, ही पाखरे आता थोड्या दिवसांत जातील, ती गणपतीच्या आगेमागे पुन्हा येतात. हे त्याने कुठल्याही पुस्तकात वाचलेले नव्हते, आणि ते बरोबर आहे.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत, म्हणून शेवटी एवढेच कळवितो. येत्या रविवारी त्रयोदशी आहे. पाऊणपटीच्या हिशेबाने भरती पावणेदहाच्या सुमारास. ज्यांना यायचे असेल त्यांनी सात वाजता मुलुंड स्टेशनच्या पूर्वेला जमावे. दुर्बीण नसली तरी चालेल, आमच्याजवळ दोन जादा आहेत. टोपी मात्र आणावी, उन्हाळा आहे. कपडे भडक नकोत. आणि कुणाला शिक्रा आणि ससाणा यांतला फरक कळत नसेल तर त्यांनी खुशाल विचारावे. आमचा तो विद्वान आता खेकसत नाही. ज्या बाई दोनदा येऊन परत गेल्या त्या या मंडपात असतील तर त्यांनीही यावे, ही विनंती.